क्वांटम कॉम्प्युटर आला, तर आपल्या डिजिटल सहीचं काय होणार?

२०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस या तिघांना मिळालं. क्वांटम कॉम्प्युटरचे आजचे बरेचसे नमुने ज्या प्रकारच्या विद्युत मंडलांवर चालतात, त्यांचा पाया या तिघांच्या १९८० च्या दशकातल्या प्रयोगांनी घातला. नोबेल जाहीर झाल्यापासून हा विषय कोर्टनाक्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचला आहे. वकील आणि पक्षकार यांच्या तोंडी दोनच प्रश्न असतात. हे मशीन उद्या निकाल देणार का? आणि ऑनलाइन केलेल्या करारांवरच्या सह्या फोडणार का?

पहिल्याचं उत्तर: नाही. दुसऱ्याचं उत्तर: आज नाही, पण एक दिवस फोडता येतील असं गणित सांगतं. वर्तमानपत्रं पहिल्या प्रश्नावर रकाने भरतात. कायद्याच्या कामाला खरा धक्का बसणार आहे तो दुसऱ्या ठिकाणी.

हे मशीन वेगळं काय करतं

नेहमीच्या कॉम्प्युटरमध्ये माहितीचा सर्वांत लहान घटक म्हणजे बिट. तो ० असतो किंवा १. क्वांटम कॉम्प्युटरमधल्या घटकाला क्यूबिट म्हणतात. तो मोजेपर्यंत ० आणि १ यांच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. यावरून "क्वांटम कॉम्प्युटर सगळी उत्तरं एकाच वेळी तपासतो" असं सर्रास लिहिलं जातं. हे अर्धसत्य आहे, आणि त्याने घोळच जास्त होतो. मोजमाप केलं की शेवटी एकच उत्तर हाती येतं, तेही नशिबाच्या भरवशावर. मग फायदा कुठे?

तलावपाळीवर उभं राहून पाण्यात दोन खडे टाका. दोन्ही वलयं पसरतात आणि एकमेकांत मिसळतात. काही ठिकाणी लाटा एकमेकींना उचलून धरतात, काही ठिकाणी एकमेकींना पुसून टाकतात. क्वांटम गणनाही अशीच रचलेली असते: चुकीच्या उत्तरांकडे जाणाऱ्या लाटा एकमेकींना पुसतील आणि बरोबर उत्तराकडच्या लाटा जोर धरतील. हे जमायला प्रश्नातच काहीतरी लय, पुनरावृत्ती लपलेली असावी लागते. ती नसेल तर हे मशीन तुमच्या लॅपटॉपपेक्षा फार काही वेगळं करत नाही.

अशी लय एका जागी नक्की आहे, आणि नेमकी तिथेच आपली डिजिटल सही बसली आहे.

पंधराचे अवयव

१५ चे अवयव ३ आणि ५, हे तोंडपाठ आहे. पण दुसऱ्या वाटेने काढून बघू. २ घ्या, दर वेळी दुप्पट करा, १५ ने भागा आणि बाकी लिहा. २, ४, ८, १, मग पुन्हा २, ४, ८, १. दर चार पायऱ्यांनी तीच मालिका. चारच्या निम्मे दोन. २ चा वर्ग ४. त्याच्या एक अलीकडे ३, एक पलीकडे ५. अवयव सापडले. एखाद्या संख्येपासून सुरुवात करून हे जमलं नाही, तर दुसरी घ्यायची.

लहान संख्येला ही पद्धत म्हणजे उगाच द्राविडी प्राणायाम. संख्या प्रचंड असली की मालिका किती पायऱ्यांनी परत येते, हे शोधणंच साध्या कॉम्प्युटरला अशक्य होतं. ही पुनरावृत्ती म्हणजेच वर सांगितलेली लय. क्वांटम कॉम्प्युटर ती झपाट्याने पकडू शकतो, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं.

आता सहीकडे येऊ. डिजिटल सातबारा किंवा आधार ओटीपीने सही केलेला करार उघडा. त्यात दोन गोष्टी असतात. एक, त्या फाइलचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा आकडा. एक स्वल्पविराम बदलला तरी हा आकडा पूर्ण बदलतो. दुसरी, त्या हॅशवर सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने केलेली प्रक्रिया. ती तपासायची उघडी किल्ली प्रमाणपत्रासह त्याच पीडीएफमध्ये असते. आरएसए नावाच्या पद्धतीत या उघड्या किल्लीत एक मोठी संख्या असते, दोन मूळ संख्यांचा गुणाकार. त्या दोन संख्या कळल्या की गुप्त किल्ली हातात आली.

सध्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या २,०४८ बिटच्या किल्लीतली संख्या ६१७ अंकी असते. २०२० मध्ये संशोधकांनी २५० अंकी संख्येचे अवयव पाडले, तेव्हा एका प्रोसेसर कोअरच्या हिशेबाने सुमारे २,७०० वर्षांचं काम हजारो कोअरमध्ये वाटून घ्यावं लागलं. ६१७ अंकांचं नावच काढू नका. शोर यांची पद्धत चालवू शकणाऱ्या मशीनपुढे मात्र हा तट टिकत नाही. आरएसएऐवजी हल्ली वापरली जाणारी एलिप्टिक कर्व्ह पद्धतही त्याच्या तडाख्यातून सुटत नाही.

मग माझा लिव्ह अँड लायसन्सचा करार उद्या खोटा पडेल?

नाही. त्याची कारणं नीट समजून घेतलेली बरी.

पहिलं कारण मशीनचं. गूगलच्या डिसेंबर २०२४ च्या विलो चिपवर १०५ क्यूबिट होते. आयबीएमच्या २०२३ च्या कॉन्डॉरवर १,१२१. क्यूबिट अतिशय नाजूक असतात. निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड ठेवूनही बाहेरच्या किंचित गोंधळाने ते चुकतात. म्हणून एक भरवशाचा क्यूबिट बनवायला शेकडो किंवा हजारो कच्चे क्यूबिट एकमेकांच्या चुका सुधारत बसवावे लागतात. २०१९ मध्ये गूगलच्या क्रेग गिडनी आणि स्वीडनच्या मार्टिन एकेरो यांनी हिशेब मांडला: २,०४८ बिटची किल्ली फोडायला २ कोटी कच्चे क्यूबिट आणि ८ तास. मे २०२५ मध्ये गिडनी यांनीच तो सुधारला: १० लाखांहून कमी क्यूबिट आणि आठवड्याच्या आत. मशीन अजून फार मागे आहे, पण लक्ष्यही त्याच्याकडे सरकत चाललं आहे. आपल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. त्याचं आठ वर्षांचं उद्दिष्ट ५० ते १,००० क्यूबिट आहे. त्यावरून अंतराचा अंदाज यावा.

दुसरं कारण व्यवहाराचं. एका किल्लीमागे इतकं महागडं मशीन जवळपास आठवडाभर अडकणार असेल, तर घोडबंदर रोडवरच्या टू-बीएचकेच्या भाडेकरारासाठी ते कोणी चालवणार नाही. आधार ई-साइनमध्ये तर त्या एका सहीपुरतीच किल्ली तयार होते आणि तिच्या प्रमाणपत्राची मुदत ३० मिनिटं असते. ती फोडली तरी त्या अर्ध्या तासाचीच तारीख घालता येईल. चोर जाईल तो वरच्या किल्लीकडे, म्हणजे प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या किंवा त्यांच्याही वर असलेल्या नियंत्रकाच्या मूळ किल्लीकडे. ती हाती लागली की कुणाच्याही नावाचं, मागच्या कुठल्याही तारखेचं प्रमाणपत्र बनवता येतं. म्हणून "माझी सही फुटेल का" यापेक्षा "ज्याच्या भरवशावर माझी सही उभी आहे ती किल्ली कधी बदलणार" हे विचारलं पाहिजे.

तिसरं कारण नोंदणीचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. त्यामुळे कुणी बनावट पीडीएफ बनवली तरी नोंदणी विभागाच्या दफ्तरातली नोंद बदलत नाही. दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रत काढली की खोटेपणा उघडा पडतो. खरी पंचाईत आहे ती अशी दुसरी नोंद कुठेच नसलेल्या कागदांची: ई-साइन केलेले सेवा करार, गुप्ततेचे करार, हमीपत्रं, पुनर्विकासासाठी सभासदांनी फोनवर दिलेल्या संमत्या.

कागद मुरतो, गणित झिजतं

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्यात जुन्या कागदांबद्दल एक सोयीचं गृहीतक आहे. योग्य ताब्यातून आलेला ३० वर्षांचा कागद असेल, तर त्यावरची सही ज्याची दिसते त्याचीच आहे असं न्यायालय मानू शकतं. इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजासाठी हीच मुदत अवघी ५ वर्षं आहे. शिवाय सुरक्षित इलेक्ट्रॉनिक सहीबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, ती खरी मानायची असंही कायदा सांगतो.

कागदाच्या बाबतीत हे शहाणपणाचं आहे. शाई फिकी होते, घड्या पडतात, खोटं करणं अवघड होत जातं. डिजिटल सहीचं उलटं आहे. ती केली त्या दिवशी सर्वांत भक्कम असते, मग दरवर्षी थोडी कच्ची होत जाते, कारण ती फोडायची साधनं सुधारत राहतात. २०२६ ची तारीख असलेली आरएसए सही २०४५ मध्ये न्यायालयासमोर आली, आणि तोवर ते मशीन उभं राहिलेलं असलं, तर ती सही २०२६ मध्येच केली की आदल्या रात्री बनवली, हे निव्वळ सहीवरून सांगता येणार नाही. आज "ही सही माझी नाही" म्हणणाऱ्याचं न्यायालयात फारसं चालत नाही. तेव्हा त्याचंही म्हणणं तांत्रिकदृष्ट्या ऐकण्यासारखं असेल. वाशीत, नेरुळमध्ये सिडकोचे भाडेपट्टे ६० वर्षांचे असतात. इतक्या लांबीच्या व्यवहाराला आजच्या सहीचा टिकाऊपणा पुरत नाही.

यावर इलाज आहे, तोही जुनाच. जुनी पद्धत फुटायच्या आधी त्या फाइलवर नव्या, मजबूत पद्धतीचा वेळेचा शिक्का मारून घ्यायचा. अमुक तारखेला ही फाइल आणि ही सही याच रूपात होती, एवढं तो शिक्का सिद्ध करतो. काही वर्षांनी त्यावर आणखी नवा. मात्र शिक्का मारायचा तो आधी. पद्धत फुटल्यावर मारलेला शिक्का काहीच सिद्ध करत नाही.

हॅश फुटणार का? तो प्रश्न आजचाच आहे

इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना अधिनियमाच्या कलम ६३(४) खाली प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक पक्षकाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा. नमुन्यात हॅशचा आकडा लिहायची जागा आहे आणि पद्धतीपुढे खूण करायला एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी५ आणि इतर असे पर्याय आहेत.

हॅशमध्ये शोर यांना लागते तशी लय नसते. तिथे लव ग्रोव्हर यांची १९९६ ची पद्धत चालते, पण तिचा फायदा मर्यादित आहे: १०० कोटी प्रयत्नांचं काम सुमारे ३२ हजारांवर येतं. एसएचए-२५६ मध्ये शक्यता इतक्या अफाट आहेत की त्यांचं वर्गमूळ काढूनही हाती येणारा आकडा आवाक्याबाहेरच राहतो. म्हणजे एसएचए-२५६ क्वांटमपुढेही टिकेल.

गंमत अशी की नमुन्यातले बाकीचे दोन पर्याय फोडायला क्वांटमची वाट बघावी लागली नाही. एकच एमडी५ हॅश येणाऱ्या दोन वेगळ्या फाइल २००४ मध्येच बनवून दाखवल्या गेल्या. एसएचए-१ चं तेच २०१७ मध्ये झालं. प्रमाणपत्र भरताना एमडी५ वर खूण करण्याचं कारण आज मला तरी एकही दिसत नाही. एसएचए-२५६ वर खूण करावी आणि समोरच्याच्या प्रमाणपत्रात दुसरं काही असेल तर उलटतपासणीत विचारावं.

प्रत्यक्षात हॅश जुळत नाही त्याची कारणं याहून साधी असतात. सीसीटीव्हीची क्लिप व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की तिचा आकार कमी होतो आणि हॅश बदलतो. तीच डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर सहसा बदलत नाही. वर्डची फाइल नुसती उघडून पुन्हा सेव्ह केली तरी बदलतो. म्हणून हॅश काढायचा तो मूळ उपकरणातून पहिली प्रत काढताक्षणी, सोसायटीच्या ग्रुपवर फिरून आल्यावर नव्हे.

आज चोरायचं, पुढे उघडायचं

सहीपेक्षाही तातडीचा धोका गुपितांना आहे. आज इंटरनेटवरून जाणारी कुलूपबंद माहिती कोणी साठवून ठेवली, तर मशीन आल्यावर ती उघडता येते. इथे वेळेचा शिक्का वगैरे काही कामाला येत नाही. गेलेलं गुपित परत मिळत नाही.

गणितज्ञ मिशेल मोस्का यांचा एक सोपा हिशेब आहे. माहिती किती वर्षं गुप्त राहायला हवी, त्यात यंत्रणा बदलायला लागणारी वर्षं मिळवा. बेरीज मशीन येण्याच्या कालावधीपेक्षा जास्त झाली, तर उशीर आधीच झालेला आहे. लायसन्स फीच्या वादाचा ईमेल दोन वर्षांनी कुणाला नको असतो. पण घटस्फोटाच्या प्रकरणातले वैद्यकीय कागद, पॉक्सोतल्या बालकाची ओळख, महापे-रबाळेतल्या कारखान्याचा औषधाचा फॉर्म्युला किंवा लवादातली तडजोडीची बोलणी यांना वीस-तीस वर्षांचं आयुष्य असतं. वकील आणि अशील यांच्यातल्या संवादाला साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ संरक्षण देतं, पण ते न्यायालयात उघड करायला लावण्यापासून. चोराला कलम कळत नाही.

दिलासा म्हणजे इथलं काम बरंच पुढे गेलं आहे. सिग्नल या मेसेजिंग अॅपने २०२३ मध्ये आणि अॅपलने आयमेसेजसाठी २०२४ मध्ये क्वांटमपुढे टिकतील अशी नवी कुलपं बसवली. क्रोमही अशा कुलपाने जोडणी करतो, मात्र पलीकडच्या सर्व्हरलाही ते यावं लागतं. ब्राउझर अद्ययावत ठेवला की तुमच्या बाजूचं काम झालं. एईएस-२५६ नावाच्या पद्धतीने कुलूपबंद केलेली झिप फाइल किंवा हार्ड डिस्क क्वांटमपुढेही टिकते. पासवर्ड अशिलाचं नाव आणि जन्मवर्ष असेल तर ती साध्या लॅपटॉपपुढेही टिकत नाही.

खटले लवकर निघायला उपयोग नाही का?

जिल्हा आणि तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणं प्रलंबित आहेत. बोर्ड, म्हणजे न्यायालयाची रोजच्या प्रकरणांची यादी, कसा लावावा, कोणत्या न्यायालयाला किती प्रकरणं द्यावीत, हे खरोखरच गुंतागुंतीचं कोडं आहे आणि अशा कोड्यांवर क्वांटम पद्धती आजमावल्या जात आहेत. पण तारखा पडतात त्या समन्स बजावलं जात नाही म्हणून, साक्षीदार येत नाही म्हणून, मुदतीचा अर्ज मंजूर होतो म्हणून. बोर्ड मांडायला साधा कॉम्प्युटर पुरतो. ज्याचं दुखणं दुसरीकडे आहे त्याला हे औषध लागू पडणार नाही.

निवाडे शोधण्याचंही तसंच. लाखो निवाड्यांचा मजकूर आधी क्यूबिटच्या अवस्थेत भरावा लागतो आणि त्या भरण्यातच मिळालेला वेळ खर्च होतो.

आणि असं मशीन वापरलंच, तर पुराव्याचा नवा पेच उभा राहील. क्वांटम गणना पुन्हा पुन्हा चालवून उत्तरांची आकडेवारी घ्यावी लागते. मधली अवस्था तपासायला गेलं की ती मोडते आणि तिची हुबेहूब प्रत काढणं निसर्गनियमानेच अशक्य आहे. हार्ड डिस्कची प्रत काढून तज्ज्ञाकडे पाठवतात तसं इथे करता येणार नाही. अवयव पाडल्याचं उत्तर असेल तर गुणाकार करून पडताळता येतं. "हीच सर्वांत योग्य वाटणी" अशा उत्तराला ती सोय नाही.

नव्या सह्या आणि आताची कामं

अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने १३ ऑगस्ट २०२४ ला क्वांटमपुढे टिकतील अशी तीन मानकं जाहीर केली. एक कुलपासाठी, दोन सह्यांसाठी. तिच्याच मसुद्यानुसार २,०४८ बिटची आरएसए २०३० नंतर टाळायची आणि २०३५ नंतर बंद करायची. आपल्याकडे डिजिटल सहीचे नियम प्रमाणन प्राधिकाऱ्यांचे नियंत्रक ठरवतात, त्यामुळे वकिलाने स्वतः उठून नवी पद्धत लावायची सोय नाही. नव्या सह्या आकारानेही मोठ्या आहेत. २,०४८ बिटच्या आरएसएची सही २५६ बाइटची, तर सह्यांच्या त्या दोन मानकांपैकी एमएल-डीएसए या पद्धतीच्या मधल्या श्रेणीची सही ३,३०९ बाइटची. सहीची गुप्त किल्ली ठेवणाऱ्या पेनड्राइव्हसारख्या टोकनमधल्या जुन्या चिपला हे पेलेलच असं नाही. म्हणून लांब मुदतीची मोठी टोकनखरेदी आज करू नये.

घरी करण्यासारखं काम मात्र आजचं आहे. डिजिटल सहीची पीडीएफ प्रिंट काढून लॅमिनेट करतात आणि मूळ फाइल फोन बदलताना जाते. प्रिंटवर उमटतो तो सहीचा फोटो, सही नव्हे. "प्रिंट टू पीडीएफ" केलं तरी सही मरते. मूळ फाइल जशीच्या तशी दोन ठिकाणी ठेवावी. ती उघडल्यावर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर घाबरू नये, बहुतेक वेळा त्या कॉम्प्युटरला भारताच्या नियंत्रकाचं मूळ प्रमाणपत्र माहीत नसतं इतकंच. ते नियंत्रकांच्या संकेतस्थळावरून उतरवून विश्वासू यादीत घातलं की हिरवी टिक येते. त्यानंतर सहीच्या तपशिलात वेळेचा शिक्का आहे का ते पाहावं. वेळ "सही करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरून" घेतली असं लिहिलेलं दिसलं, तर शिक्का नाही असं समजावं.

मृत्युपत्राची काळजी यात करायची नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याने ते इलेक्ट्रॉनिक रूपातून वगळलेलंच आहे, ते कागदावर आणि दोन साक्षीदारांसमोरच होतं.

पुनर्विकासाचा करार करणाऱ्या सोसायटीने मात्र वकिलाला दोन वाक्यं घालायला सांगावीत. ई-साइन केलेल्या प्रत्येक संमतीवर मान्यताप्राप्त यंत्रणेचा वेळेचा शिक्का असेल. आणि नियंत्रकांनी सहीची पद्धत बदलली, तर ठरावीक मुदतीत सगळ्या फाइलींवर विकासकाच्या खर्चाने नवा शिक्का मारून दिला जाईल. सगळ्या संमत्यांच्या एसएचए-२५६ हॅशची यादी करून ती मूळ कराराला परिशिष्ट म्हणून जोडावी आणि करारासोबत नोंदणीला द्यावी. मग पुढे सहीचं काहीही झालं तरी त्या दिवशी फाइल कोणत्या रूपात होती, त्याची नोंद निबंधकांच्या दफ्तरात राहते.